माझ्या नावावर टाकलेली गरज

ये माय, जवळ सरक. कागदावरून बोलावते आहे म्हणून हसू नकोस, आणि कानातलं ते मोबाईलचं बोंड आधी काढ. परवा फोनवर तू जे बोललीस ते मी विसरले नाही. म्हणालीस, "आजी, सोड ना आता ती दुकानाची गोष्ट. बाबांनी काही जगावेगळं केलं नाही. सगळेच करतात." असं बोलतात होय गं? एवढी शिकलेली पोर तू! तू फोन ठेवलास आणि मला ताटातला भात गेला नाही. "सगळेच करतात" हे मी कोर्टाच्या व्हरांड्यात इतक्यांदा ऐकलं आहे की आता कोणी म्हटलं की पित्त झाल्यासारखं तोंडाला कडू पाणी सुटतं.

म्हणून लिहायला बसले. तुला गोष्ट अर्धीच ठाऊक आहे. तू तेव्हा बारावीच्या पुस्तकांत डोकं घालून बसलेली असायचीस. त्या गोष्टीत तुझंही नाव घेतलं होतं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. मी सांगते.

आपल्या भंडाऱ्याच्या घराला रस्त्याच्या अंगानं ती लांबट, शटरची खोली आहे ना, ती तुझ्या आजोबांनी भाड्यानं देण्यासाठीच बांधली होती. आजोबा जिल्हा परिषदेत शिपाई. मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून त्यांनी सगळी माणसं पारखली, आणि खोली द्यायची वेळ आली तेव्हा एक भांडेवाला आणून बसवला. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला वहिनी म्हणायचा. पितळेची, तांब्याची, स्टीलची, सगळी भांडी तो विकायचा. पण त्याचा खरा हात होता नाव टाकण्यात. लग्नात आहेर द्यायचा तर नाव टाकल्याशिवाय भांडं आपल्याकडे कोणी उचलत नाही. कोणी दिलं, कोणाला दिलं, सगळं भांड्याच्या पोटावर. भाऊ मांडीत पाण्याचा गडवा धरायचा, एका हातात बोटाएवढी छिन्नी, दुसऱ्यात लहानशी हातोडी, आणि टिक टिक टिक. पुढे नाव टाकायची मशीन आली, सगळ्यांनी घेतली, त्यानं घेतली नाही. म्हणायचा, "मशीन नाव खरवडते, वहिनी. टाकत नाही."

आता ऐक, हे तुला कधी सांगितलं नाही, लाज वाटायची म्हणून. माझ्या आसगावच्या माहेरी मला शाळा मिळाली नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात हात पाहिजेत, आणि रोवणी संपली की लहान भावंडं पाहिजेत सांभाळायला. लग्न होऊन आले तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं. मी वाचायला शिकले ते भांड्यांवरून. राख आणि चिंच लावून गंज घासायचा, तुमच्या पुण्यात पातेलं म्हणतात तो, की नावाच्या खाचेत काळं अडकून अक्षर उठून दिसायचं. मी ते बोटानं चाचपायची आणि तसाच ओला गंज घेऊन दुकानाच्या मागच्या दारात उभी राहायची.

"भाऊ, हे शेवटचं काय लिहिलं जी?"

"कडून. तुमच्या मामेसासऱ्याकडून आला ना हा गंज."

"मंग ह्या गडव्यावर बी तेच हाये!"

"कडून तं सगळ्याईवरच राहते, वहिनी. कोणी काही देल्लं म्हटलं का 'कडून' आलंच."

तर मला आलेला पहिला शब्द हा, कडून. नंतर चि., नंतर सौ., नंतर आडनावं. एका पावसाळ्यात मी घरातली सगळी भांडी वाचून काढली. मग शेजारणींची वाचली. एकदा तर एकीच्या घरी हळदी-कुंकवाला गेले आणि तिच्या घागरीवर दुसरीचंच नाव मोठ्यानं वाचलं. त्यावरून त्या दोघींत केवढं भांडण लागलं, ती वेगळी गोष्ट!

भांड्यावर अक्षर टाकताना भाऊ डोक्यावरची रेघ टाकत नसे. जागा जाते, वेळ जातो. म्हणून माझं अक्षर आजही बिनरेघेचं आहे. आजोबा हसायचे, "तुझी अक्षरं डोक्यावर पदर घेत नाहीत." म्हणोत. सही करता येते याचा मला असा काही तोरा होता की पोस्टमननं अंगठ्याची डबी पुढे केली की मी म्हणायची, "पेन द्या."

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली आजोबांनी कचेरीतली कपाटं, खुर्च्या, फायलींची गाठोडी ट्रकमध्ये चढवली. हे तुमचं, हे आमचं, अशी वाटणी चालली होती. घरी येऊन म्हणाले, "जिल्हा वाटला गेला, पण एकानं बी खोटं सांगून खुर्ची नेली नाही." त्यानंतर तीन-चार वर्षांनी ते गेले. जायच्या आधी भाऊ खाटेजवळ बसला होता. आजोबा त्याला म्हणाले, "तू तुझ्या मनानं उठशील तवा उठजो. तुले कोणी उठ म्हणणार नाही." मी पाण्याचा पेला घेऊन तिथेच उभी होते. माझ्या दोन्ही कानांनी ऐकलं. विसरले असं म्हणायची सोय मला नाही.

घर माझ्या नावावर झालं. दर धनतेरसला भाऊ दुकान उघडून पहिलं नाव टाकायचा ते आमच्या घरच्या भांड्यावर. वाटी असो, चमचा असो. त्याची ती रीतच होती.

मग तू दहावीला गेलीस. हुशार निघालीस, सगळे म्हणाले पुण्याला पाठवा. तुझ्या बापाच्या डोक्यात आकडे फिरायला लागले. तेव्हाच एक मोबाईलवाला आला. त्याला आपली खोली पाहिजे होती, काचेचं दार लावून शोरूम करायला. भाऊ देत होता त्याच्या कितीतरी पट भाडं आणि वरून मोठी ठेव. तुझा बाप वकिलाला घरी घेऊन आला. व्हरांड्यात बसले, तुझ्या आईनं चहा दिला, मी आत तांदूळ निवडत होते.

वकील सुपारी कातरत म्हणाला, "जास्त पैसा पायजे म्हणून भाडेकरू निघत नसते. घरच्या माणसाले त्याच जागेत काही करायचं असन तं बोला. कायद्याले गरज लागते. खरीखुरी."

"गरज तं हायेच ना साहेब. पोरीचं शिक्षण हाये."

"पोरीचं शिक्षण शटरच्या खोलीत होते का? घरात रिकामं कोण हाये ते सांगा."

आणि अगं, दोघांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. बाजारात बकरीच्या पाठीवर हात फिरवायच्या आधी पाहतात ना, तसं.

तुझ्या बापाला बरोबर आठवलं. मी लाखोरीच्या डाळीच्या वड्या घालायची, तांदळाचे पापड करायची, तेव्हा भाऊ म्हणायचा, "वहिनी, आणून ठेवा माझ्या दुकानात, भांड्याच्या आधी वड्या खपतीन." मी हसून म्हणायची, "ठेवीन कधीतरी, माझंही दुकान होऊ द्या." अशी ती माझी इच्छा, चिमूटभर, बोलून हसण्यापुरती. तिलाच उचलून कागदावर बसवली. अर्जदार विधवा आहे, पेन्शन पुरत नाही, तिला पापड-वड्यांचं दुकान टाकून पोट भरायचं आहे, आणि तिच्याजवळ दुसरी जागा नाही.

मी ते वाचलं. हो, वाचलं! मला वाचता येत नाही म्हणून फसले, असं आज सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. तुझ्या बापाला विचारलं, "खरंच मला दुकान टाकून देशील?"

तो म्हणाला, "सही कर आई. पोरीसाठी करून राहिलो मी, माह्यासाठी नाही."

आणि मी पेन मागितलं.

वकिलानं सही पाहिली आणि हसला. "आजी, डोक्यावर रेघ तं द्या." मी म्हटलं, "अशीच येते मला." बिनरेघेची सही. जी अक्षरं भाऊनं मला मागच्या दारात शिकवली, त्याच अक्षरांनी मी त्याला पुढच्या दारातून काढायचा कागद पक्का केला. ही किळस दुसऱ्या कोणाची नाही पोरी, माझी आहे. ती मी तुझ्या बापावर ढकलत नाही.

नोटीस त्याला दिवाळीच्या आधी लागली. मला वाटलं, आता हा माझं तोंड पाहणार नाही. धनतेरसच्या सकाळी मागच्या दाराची कडी वाजली. भाऊ उभा, हातात पितळी चमचा, माझं नाव टाकलेला. "रीत हाये, वहिनी. कागदाचं कागदापाशी." मी चमचा घेतला आणि "या चहा घ्या" एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

दोन वर्षं तारखा चालल्या. मी साक्षीला उभी राहिले तेव्हा तू बारावीत होतीस. वकिलानं आधी तीन दिवस पाठ करून घेतलं होतं. माझी मनापासून इच्छा आहे. दुसरी जागा नाही. पेन्शन पुरत नाही. आणि त्या दिवशी अंगावर लुगडं कोणतं, तर त्याच पेन्शनमधून महिन्याआधी घेतलेलं, कोरं, त्याच सकाळी घडी मोडलेलं! समोरच्या बाकावर भाऊ बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. त्याचा वकील तरुण होता.

"आजी, आजवर कधी काही विकलं?"

"नाही."

"मग या वयात काहून?"

"माझी मनापासून इच्छा आहे."

"बरं. दुकानाचं नाव काय ठेवणार?"

हे पाठ करून घेतलं नव्हतं. मी गडबडले. माझ्या वकिलाकडे पाहिलं, तो कागदात पाहत होता. आणि जशी सवय, तसं तोंडातून निघून गेलं, "नाव काय, ते भाऊच टाकून देतील ना."

कोर्टात हसू फुटलं. जज्जसाहेबसुद्धा हसले. तुझ्या बापानं कपाळाला हात लावला. भाऊ एकटा हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, गिऱ्हाईकानं नाव सांगितलं की हलवायचा तशी. ठीक आहे, टाकून देतो.

पुढच्या तारखेला त्यानंच सांगितलं, मी जागा सोडतो. त्याचा वकील चिडला, व्हरांड्यात त्याला ओरडला, "अहो काका, म्हातारी खोटं बोलून राहिली, हे आंधळ्याले बी दिसते! आपण जिंकून राहिलो!" भाऊ म्हणाला, "तिनं भर कोर्टात माहं नाव घेतलं. खोटं बोलणारी बाई असं बोलत नसते. तिले गरज असन." मी खांबाआड उभी होते. तिथून बाहेर यायला पाहिजे होतं. आले नाही. आमचा वकील मागून येऊन म्हणाला, "मस्त बोलल्या आजी. हे नाव टाकायचं मले बी सुचलं नसतं." त्याला वाटलं, मी मुद्दाम बोलले! त्याच्या सुपारीचा वास आला आणि मला तिथेच ओकारी झाली, कोर्टाच्या नळाजवळ. तुझा बाप म्हणाला, उन्हानं झालं.

भाऊनं उरलेला माल मोडीत घातला. नवी भांडी, नाव न टाकलेली, मोडीच्या भावानं तोलून गेली. शटर ओढून किल्ली द्यायला आला तेव्हा काखेत काहीतरी कापडात गुंडाळलेलं. उघडलं तर पितळेची परात, माझ्या दोन्ही हातांत न मावणारी. काठावर टाकलेलं, बिनरेघेचं, टिंब न् टिंब सारखं: वहिनींच्या दुकानास, भाऊकडून.

"पहिला माल यात ठेवजा जी," तो म्हणाला. "अन् वड्या उन्हात पुऱ्या वाळू देजा, घाई नोका करू."

तो गेला. तुझ्या बापानं परात हातात घेऊन वर-खाली केली. म्हणाला, "वजनदार हाये. पितळ चांगलं वापरलं." बस. एवढंच दिसलं त्याला. माझ्या पोटचा पोरगा!

वकिलानं बजावून ठेवलं होतं की महिन्याच्या आत तुम्ही खरंच तिथे बसलं पाहिजे आणि वर्षभर जागा कोणाला द्यायची नाही, नाहीतर भाडेकरू परत कोर्टात येऊन जागा मागू शकतो. म्हणून मला अजून आशा होती. मी डाळ भिजवायला काढली होती. पंधरा दिवस झाले असतील, सकाळी शटरचा आवाज आला. जाऊन पाहते तर मोबाईलवाला, एक सुतार आणि तुझा बाप, टेप लावून भिंती मोजत होते. मोबाईलवाल्यानं माझ्या पाया पडल्यासारखं केलं आणि कोपरा दाखवला, "आजी, इथं तुमच्या दोन बरण्या ठेवू. मस्त लाईट लावून देतो."

दोन बरण्या. तीच माझी खरीखुरी गरज! आणि वर लाईट.

मी तुझ्या बापाला म्हटलं, "काय सांगितलं होतं रे मी कोर्टात?"

"आई, ते कागदावर लिहायचं राहते. करायचं नाही राहत. सगळेच करतात."

मी घरात गेले, परात घेतली, आणि खोलीच्या बरोबर मधोमध फरशीवर ठेवून तिच्या बाजूला बसले. म्हटलं, "मोजा. आता मले धरून मोजा."

"आई, तमाशा काहून करून राहिली? लोक पाहून राहिले."

"सही कोणाची? माझी. घर कोणाच्या नावावर? माझ्या. कोर्टात तोंड कोणाचं होतं? मग दुकान बी माझंच. मोबाईलवाल्या दादा, तुमचा टेप गुंडाळा."

सुतार बिचारा हसत होता, त्याला गंमत वाटत होती. मोबाईलवाला टेप गुंडाळून गेला. तुझा बाप दारात उभा राहून म्हणाला, "पोरीचं नुकसान करून राहिली तू." आणि त्यालाही रडू आलं होतं, हे मी पाहिलं. तो वाईट नाही गं. तुझ्यासाठीच करत होता. म्हणून तर मला जास्त ओंगळ वाटतं. गरज खरी होती, आणि ती आम्ही एका खोट्या गरजेच्या पोटात लपवून नेली. सरळ भाऊपाशी जाऊन "पोरीसाठी वाढीव भाडं पाहिजे" म्हटलं असतं तर तो काय म्हणाला असता? कोणी विचारलंच नाही. विचारायला लाज वाटली. कोर्टात खोटं बोलायला नाही वाटली.

तू म्हणशील, आजी मोठी शूर निघाली. शूर असते तर दोन वर्षं आधी बसले असते फरशीवर. भाऊचं दुकान उठल्यावर त्याच्या रिकाम्या जागेत बसायला काय शूरपणा लागतो?

तो अड्याळच्या बाजारात बसतो असं कळलं होतं. बाजाराच्या दिवशी मी एसटीनं गेले, परात पिशवीत घालून. पोत्यावर बसला होता, समोर स्टीलच्या दहा-वीस वाट्या, हातात छिन्नी. मला पाहून उठायला लागला.

"वहिनी! तुमी? अन् दुकान कोणाच्या भरवशावर टाकून आल्या?"

"दुकान नाही भाऊ. नव्हतंच. मी कोर्टात खोटं बोलले."

त्याची हातोडी थांबली. वाटी खाली ठेवली. बाजूला मिरच्यावाली बाई बसली होती, तिचंही तोंड उघडं राहिलं.

छिन्नी पोत्यावर ठेवून म्हणाला, "एक-दोनदा वाटलं होतं मले. मंग म्हटलं, आपली वहिनी कायले खोटं बोलन."

"परत चला."

"काय घेऊन येऊ परत? माल तं मोडीत गेला. नुसती खोली म्हणजे दुकान होते का?"

"मग कोर्टात जा. वर्ष व्हायचं आहे अजून, वकील म्हणत होता. मी येते, साहेबासमोर खरं सांगते."

"अन् पोराले खोट्यात पाडता? त्याले खांद्यावर बसवून तान्हा पोळा दाखवला हाये मी. लाकडाचा बैल हातातून सोडे नाही तो." असं म्हणून त्यानं माझ्या पिशवीतली परात ओढली, काठ पुसला. "हे मी काय टाकलं याच्यावर?"

"वहिनींच्या दुकानास."

"मंग? मी टाकलेलं नाव आजवर खोटं निघालं नाही. पापड करा. दुकान उघडा. मंग येतो मी, बसायले जागा द्या कोपऱ्यात."

मिरच्यावाली म्हणाली, "बाई, अजून रागवत बी नाही हा माणूस! माहा नवरा असता तं तुमाले इथंच मिरच्याची धुरी देल्ली असती." आणि खरं सांगते, मला ती धुरी चालली असती. तो ओरडला असता तर माझं थोडं हलकं झालं असतं.

उघडलं मग दुकान. पहिल्या वड्या त्या परातीत ठेवल्या. भाऊ मंगळवार, गुरुवार, शनिवार येतो, कोपऱ्यात बसून नावं टाकतो. जिथे लाईट लावून माझ्या दोन बरण्या ठेवणार होते ना, त्याच कोपऱ्यात. तुझा बाप सहा महिने माझ्याशी बोलला नाही. भाऊशी अजून नजर मिळवत नाही, "काका, चहा" एवढं म्हणून कप ठेवून जातो. तुझी फी माझ्या पाटल्यांनी आणि बापानं काढलेल्या बँकेच्या कर्जानं निघाली. म्हणजे वाट होती! तेव्हाही होती, फक्त जरा अवघड होती. माणसाचं दुकान मोडून झाल्यावर आम्हाला ती सापडली.

आणि लोक? लोकांचं काय सांगू! महिला मंडळाच्या बायका आल्या, म्हातारपणी दुकान टाकलं म्हणून माझा सत्कार करायचा म्हणे. मी म्हटलं, मला ताप आहे. त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतले घरमालक आले, पाव किलो वड्या घेतल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आजी, तुमच्या वकिलाचा नंबर द्या ना. तुमचं काम लवकर झालं म्हणतात. सायकलवाल्याले काढायचं हाये. सुनेचं पार्लर दाखवतो." सुनेला पार्लर टाकायचं आहे का, विचारलं मी. तर हसले, "तिले काय मालूम!" आणि हे सगळं भाऊच्या समोर, तो तिथे टिक टिक करत बसलेला! मी त्यांच्या वड्या परत घेतल्या, पैसे हातावर ठेवले. म्हटलं, तुम्हाला विकायच्या नाहीत. चिडून गेले. जाऊ दे. पण सायकलवाल्याला जाऊन सांगितलं मी, की बाबा, सुनेला कोर्टात नीट विचारायला लाव. यापरतं मला काय येतं?

तर पोरी, हे आहे तुझं "सगळेच करतात". सगळ्यांत मीही होते. म्हणून तर मला वास येतो त्याचा.

एक शेवटचं. तुझ्या नावाचा गडवा मी घेऊन ठेवला आहे, पितळेचा, जड बुडाचा. भाऊ म्हणतो, पोरगी समोर बसल्याशिवाय नाव टाकत नाही, ज्याचं नाव त्यानं पाहायला पाहिजे. मागच्या शनिवारी त्याच्या हाताकडे पाहिलं मी. छिन्नी धरतो, पण टोक जाग्यावर टेकायला आता वेळ लागतो, दोनदा हुकतं, तिसऱ्यांदा बसतं. स्वतः काही बोलत नाही. एका गिऱ्हाईकाला मात्र म्हणाला, मोठं नाव नोका सांगू. तुझं नाव मोठं आहे.

तेव्हा येजो माय, लवकर येजो. शुक्रवारी तिकडून निघालीस की शनिवारी सकाळी इथे पोचशील. त्याच्यासमोर पोत्यावर बस, आणि तुझा बाप चहा घेऊन आला की त्यालाही हाताला धरून बसव. मी बसवून पाहिलं, माझ्यानं तो बसत नाही.